सोमवारची वाकळ

सुभद्राबाईच्या घरी सात वाकळी आहेत. आता वाकळ म्हटल्यावर कुणी मान वर करून बघणार नाही, आमच्याकडं जुन्या लुगड्यांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, घरोघर पडलेल्या असतात. पण सुभद्राबाईच्या वाकळींना नावं आहेत. एक रविवारची, एक सोमवारची, एक मंगळवारची, अशा शनिवारपर्यंत सात. त्यातल्या सहा वापरून वापरून पार मऊ पडल्या. सोमवारची मात्र ट्रंकेच्या तळाशी अडतीस वर्षं तशीच पडून होती. ती का पडली आणि बाहेर कशी आली, एवढंच सांगायचंय. पण सुभद्राबाईची गोष्ट काही सरळ रस्त्यानं जात नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गाव घोटवाडी. कंधारहून नायगावकडं निघालं की मन्याड नदीच्या अंगाला एक फाटा लागतो, तिथं एसटी सोडते आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. या गावात सुभद्राबाई लग्न होऊन आली आणि विसाव्या वर्षी सासूच्या हाताखाली सुईणपण शिकली. सासूचं नाव साखराबाई, पण बोलणं असं की बाळंतीण कळा विसरून आधी हिलाच घाबरायची. बाळंतिणीच्या खोलीत हुकूम सासूचा. पुढं सासू थकली, मग सुभद्राबाईचा. घर कितीही मोठं असो, त्या खोलीत सुभद्राबाई म्हणाली ऊठ की उठायचं, म्हणाली बस की बसायचं.

आणि बारावा दिवस सरला की हीच सुभद्राबाई ओसरीच्या खाली. चहा वेगळ्या कपात. तो कप तिनंच विसळायचा आणि वळचणीला पालथा घालून ठेवायचा. मला आजही हे सांगताना राग येतो. सुभद्राबाई मात्र हसायची. म्हणायची, "पोरगं बाहेर काढताना हात चालतो, कप धरताना चालत न्हाई. न्यारीच तऱ्हा हाय बाबा."

बाराव्याला सुईणीचा मान म्हणून एक वार कापड मिळायचं. कुणी खणाचं द्यायचं, कुणी साधं छिटाचं, ज्याची जशी ऐपत. सुभद्राबाई त्याची चोळी शिवायची आणि चोळीतून उरलेला तुकडा वाकळीत लावायची. कुठल्याही वाकळीत नाही हं. लेकरू मंगळवारचं असेल तर मंगळवारच्या वाकळीत, शनिवारचं असेल तर शनिवारच्या. ही तिची स्वतःची शिस्त. लिहिता-वाचता येत नव्हतं, मग लक्षात ठेवायचं कसं? तर असं.

आणि हे लक्षात ठेवणं काही साधंसुधं नव्हतं. घोटवाडीत निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालायच्या दिवशी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. सगळं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं त्यांनी! खरा जन्माचा वार विचारायचा तर सुभद्राबाईकडं यावं लागायचं. लग्न ठरलं, पत्रिका काढायची, उपास धरायचा, की माणसं दारात हजर. मग ती वाकळ पसरायची, बोट फिरवत फिरवत एका तुकड्यावर थांबायची. "हे तुपलं. शुक्रवार. दिवस कासराभर वर आला व्हता, आन तुपला बाप दाराबाहेर रडायलाता."

एकदा व्यंकटराव गुरुजी, म्हणजे तेच एक जूनवाले, रिटायर झाल्यावर तिच्या अंगणात येऊन बसले. वाचनाचा नाद असलेला माणूस. म्हणाले, "सुभद्राबाई, तुमच्या तोंडात दिवसभर वार, वार, वार. पण हे सगळे एक न्हाईत बरं का. सोमवार-मंगळवारचा वार संस्कृतातला. लेकराच्या मागून पडती ती वार कोण्या दुसऱ्याच शब्दाची झिजून झालेली. कापडाचा वार तर जाणकार म्हणतात फिरंग्यांच्या गलबतातून आला, समुद्रापलीकडनं. आन तलवारीचा वार आणिक निराळा. नाव एक, पण ह्यांचं गाव एक न्हाई, गोत एक न्हाई."

सुभद्राबाईनं सुईत दोरा ओवला. "असंल की. पर मपल्या घरी एका लेकराच्या पाठीवर तिघंबी येत्यात. वार धरून लेकरू जल्मतंय, मागनं वार पडती, आन बाराव्याला वार मिळतो. भांडत न्हाईत कधी."

"आन चौथा?"

"चौथा मपल्या हातात, नाळेवर. एकच करायचा. दुसरा लागला तर सुईन कशाची?"

गुरुजी खूश झाले. पण बोलता बोलता त्यांची नजर दोरीवर वाळणाऱ्या वाकळींवरून फिरली आणि त्यांनी सहज विचारलं, "सोमवारची दिसत न्हाई?" सुभद्राबाईनं दोरा दातानं तोडला आणि चहा ठेवायला उठून आत गेली.

त्याचं कारण सिंधु.

सिंधु तिची धाकटी जाऊ. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात, पण या दोघी एका ताटात जेवायच्या. सिंधु बाळंत झाली तो सोमवार होता. मुलगा झाला, मोठ्यानं रडला, सगळं बेस झालं. मागून वार पडली. आता आमच्याकडची रीत अशी की वार कुणी निरखून बघायची नाही. मडक्यात घालायची, वर हळद-कुंकू टाकायचं, परसात खड्डा करून पुरायची आणि वर सपाट दगड ठेवायचा. हे सगळं दिवस मावळायच्या आत. साखराबाईनं मडकं पुढं केलं. सुभद्राबाई वार मडक्यात घालत होती तेव्हा तिला दिसलं, एक कड फाटल्यासारखी आहे. तिनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, "बगत काय बसलीस? दिवस चाललाय, पुर लवकर." आणि सुभद्राबाई गप्प बसली. सासूच्या पुढं बोलायची छाती झाली नाही.

वारेचा तुकडा आत राहिला की रक्त थांबत नाही. मंगळवारी कंधारच्या वाटेवर, बैलगाडीत, सिंधुनं जीव सोडला.

त्या मुलाचं नाव बालाजी. त्याला सुभद्राबाईनं वाढवलं, तिलाच तो माय म्हणतो. स्वतःला लेकरू झालं नाही तिला, आणि झालं असतं तरी याच्यापेक्षा जास्त लाड केले नसते. पण घरातल्याच बाळंतपणाचं कापड कोण कुणाला देणार? सोमवारच्या वाकळीत बालाजीच्या जागी एक चौकोन रिकामा राहिला. ती जागा ना तिनं दुसऱ्या कापडानं भरली, ना वाकळ पुरी केली. गुंडाळली आणि ट्रंकेत घातली. पुढच्या सोमवारच्या लेकरांचे तुकडे एका पिशवीत साठत गेले. कड फाटलेली दिसली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बालाजीला तर नाहीच. फक्त त्या दिवसापासून एक केलं. सासूनं आदळआपट केली, घरोघरच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, तरी वार परातीत पाणी घेऊन, पसरून, कडेकडेनं बोट फिरवून बघितल्याशिवाय तिनं एकदाही मडक्यात घातली नाही.

आता तिचं वय सत्तरीच्या पुढं गेलंय. पंधरा वर्षं झाली, गावातली बाळंतपणं दवाखान्यात होतात. उपकेंद्रात मागच्या वर्षी अक्षरा नावाची सिस्टर आली, औशाकडची, पंचविशीची. आल्या आल्या तिनं सुभद्राबाईला बजावलं, "मावशी, आता कुणाला हात लावायचा नाही. काही झालं तर जिम्मा कुणाचा?" सुभद्राबाईला राग आला, दोन दिवस उपकेंद्राच्या रस्त्यानं गेली नाही. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "पोरगी खरं बोलायलीय. आता बाया मरत न्हाईत. आमच्या वक्ताला मरत व्हत्या." एवढं कबूल करायला काळीज लागतं.

यंदाच्या जानेवारीत, तुरी खळ्यावर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. किराणा दुकानवाल्या चन्नबसप्पांच्या घरात सून दिवसांतली होती. शिवकन्या तिचं नाव, माहेर उदगीरचं. कंधारच्या दवाखान्यात नाव घातलेलं, तारखेला अजून पंधरा दिवस होते. पण सोमवारी सकाळी कळा आल्या त्या अशा की दवाखान्याच्या गाडीला फोन केला तरी गाडी यायच्या आत काम होणार हे कळून चुकलं. अक्षरा धावत आली आणि आत गेली. शेजारपाजारचे चार गडी, बाईला उचलून गाडीत घालायची वेळ आली तर असावेत म्हणून, फाटकाशी उभे राहिले. त्यात बालाजीही होता.

सुभद्राबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली आपण आली आणि ओसरीच्या खाली, जुन्या जागेवर बसली. डोळे मिटून कान आत लावला. कण्हणं कसं बदलतंय यावरून तिला सगळं दिसत होतं. "आता डोकं," ती पुटपुटली. मग सगळं शांत झालं. लेकरू रडेना. एक श्वास, दोन श्वास, दहा श्वास. सुभद्राबाईचे हात, लेकराची पाठ चोळावी तसे, मांडीवर आपोआप फिरायला लागले. आत अक्षराचा आवाज, "रड बाळा, रड, रड ना!" आणि मग एकदाचं ते रडलं. फाटकाशी उभे असलेले गडीसुद्धा हसायला लागले.

थोड्या वेळानं शिवकन्याची सासू बाहेर आली. पार्वतम्मा. हातात मडकं, वर हळद-कुंकू. लिंगायतांत सुतक-सोयर धरत नाहीत असं त्यांचे स्वामी येऊन सांगून जातात, पार्वतम्मा हात जोडून ऐकून घेते आणि स्वामींची पाठ फिरली की सगळं धरते. ती तरातरा परसाकडं निघाली.

"अव्वा," सुभद्राबाई म्हणाली, "पोरगं का पोरगी?"

"पोरगी. लक्ष्मी आली सोमवारची."

"बेस झालं. वार बगितली का? सारी आली का?"

"तू काहून फिकीर करायलीस? सिस्टर हाय की आत." आणि ती गेली. परसात आधीच खड्डा काढून ठेवला होता. मडकं आत गेलं, माती पडली, दगड बसला. सगळं मिळून चार मिनिटं लागली नसतील.

सुभद्राबाई उठली. ओसरी चढली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, आणि खोलीच्या दाराशी गेली. शिवकन्या भिंतीला टेकून दूध पीत होती. अक्षरा घामानं भिजलेली, लेकराला दुपट्यात गुंडाळत होती.

"सिस्टर, वार सारी आली का?"

"आली की, मावशी."

"पसरून बगितली का?"

अक्षरा थांबली. दुसरी कुणी असती तर 'हो' म्हणून मोकळी झाली असती. ही पोरगी खोटं बोलली नाही. "नाही. बाळ रडत नव्हतं, मी बाळाकडं होते. तेवढ्यात आजींनी उचलून नेली."

तेवढ्यात दवाखान्याची गाडी दाराशी आली. अक्षरा म्हणाली, चला, दाखवून येऊ. पार्वतम्मा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आता काहून? बाळंतीण खुशाल, लेकरू खुशाल. पाच दिस सून उंबऱ्याबाहेर पडायची न्हाई. ह्या घरात तशी रीत हाय." अक्षरानं समजावलं, विनवलं. रक्त तर आत्ता बेताचंच जात होतं, दाखवायला हातात काही नव्हतं. गाडीवाला म्हणाला, काय ते लवकर ठरवा. शिवकन्या बिचारी सासूच्या तोंडाकडं बघत बसली.

सुभद्राबाई म्हणाली, "वार काढून बगू."

पुरलेली वार उकरायची? आमच्याकडं असं कुणी करत नाही. उकरली तर त्या लेकराचा पाय घरात ठरत नाही, असं धरतात. पुढं त्या लेकराला काहीही झालं, ताप आला, पडलं-झडलं, तरी बोट जाणार ते उकरणाऱ्या हाताकडं.

"शिवशिव! तोंड आवर, सुभद्रे," पार्वतम्मा कडाडली. "आन सारी निघाली तर? मग काय करशील?"

"तर ह्या पोरीला जल्मात शिंक जरी आली तरी मपल्या नावानं बोटं मोडा. मी ऐकून घीन."

"तुला काय करायचं हाय? तुपल्या घरची हाय का ती?"

सुभद्राबाईचा आवाज चढला, आणि चढला तो फाटकापर्यंत ऐकू गेला. "न्हाई. मपल्या घरची सिंधु व्हती. तिची वार मी बगितली व्हती, अव्वा. कड फाटलेली दिसली मला. ह्या डोळ्यांनी दिसली. सासूच्या भ्यानं गप बसले आन पुरून टाकली. एकडाव गप बसले. आता न्हाई बसत!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की फाटकाशी बालाजी उभा आहे. त्यानं तिच्याकडं पाहिलं. फाटक ढकललं आणि निघून गेला.

सुभद्राबाईला हाक मारावी वाटली. पण वेळ नव्हता. ती परसात गेली, पडवीतलं खुरपं उचललं, दगड बाजूला लोटला आणि माती ओढायला लागली. पार्वतम्मा ओरडत होती, पण हात धरायला कुणी पुढं आलं नाही. खुरप्यानं मडकं फुटेल म्हणून शेवटी शेवटी तिनं बोटांनी माती काढली. नखं भरली. मडकं वर आलं.

"परात आण गं," ती अक्षराला म्हणाली, आणि ती सिस्टर पोरगी मुकाट्यानं स्वयंपाकघरातून परात घेऊन आली, पाणी ओतलं आणि शेजारी उकिडवी बसली. सुभद्राबाईनं वार पाण्यात सोडली, वरची हळद धुतली, दोन्ही तळव्यांवर पसरली. "असं बग. ही रवाळ बाजू वर घ्यायची. आन असं कडंकडंनं बोट न्यायचं. जिथं सलग लागंल तिथं पुढं जायचं." बोट निघालं. अर्धा फेरा झाला. सगळं सलग. पार्वतम्माचं ओरडणं थांबलं होतं, तीही वाकून बघत होती. पाऊण फेरा झाला. सुभद्राबाईच्या मनात आलं, सारी असेल तर? तर गाव मला उभं करणार नाही. आणि मग लगेच वाटलं, असू दे की बाई सारी, असू दे, मला गावानं उभं नाही केलं तरी चालंल.

बोट थांबलं. भाकरीचा कोर मोडून घ्यावा तसा तिथं खळगा होता.

"हितं," ती म्हणाली.

अक्षरानं स्वतःचं बोट लावून पाहिलं आणि ती ताडकन उठली. "आजी, तुकडा आत राहिलाय. आता रीत-बीत काही नाही, उचला त्यांना." आणि खरं सांगायचं तर पार्वतम्मालाच सगळ्यात जास्त घाई झाली. सुनेच्या खांद्याखाली हात घालून तिनंच तिला उंबऱ्याबाहेर काढलं. सून, लेकरू, सासू, सिस्टर, सगळे गाडीत बसले आणि धूळ उडवत गाडी गेली.

मागं राहिली ती सुभद्राबाई आणि परात. तिनं वार पुन्हा मडक्यात घातली, हळद-कुंकू वाहिलं, खड्ड्यात ठेवली. माती लोटताना म्हणाली, "पोरी, तुपला पाय घरात ठरू दे. माती मी उकरली, काय लागायचं ते मला लागू दे." मग परात राखेनं घासून पालथी घातली आणि पायरीवर बसून राहिली. तिच्याकडं बटणांचा फोन होता. तो तिनं दोन्ही हातांत धरला होता.

दुपार टळायला आली तेव्हा फोन वाजला. अक्षराचा होता. निम्म्या वाटेवर गाडीतच रक्त धो धो सुरू झालं होतं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या डॉक्टरांनी तुकडा काढला, दोन पिशव्या रक्त चढवलं. "मावशी, वाचल्या वहिनी. डॉक्टर म्हणाले, घरी असत्या तर..." चन्नबसप्पांच्या पायरीवर बसून सुभद्राबाई खुशाल मोठमोठ्यानं रडली, आणि येणारे-जाणारे बघत राहिले.

पण घरी बालाजी बोलेना. सकाळी उठायचा, वाढलेलं जेवायचा, शेतात जायचा. माय म्हणून हाक नाही, रागावणं नाही, काही नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. अडतीस वर्षं पोटात ठेवलेलं एका फटक्यात बाहेर पडलं होतं, आणि त्याची जागा आता या मुक्या जेवणांनी घेतली. सुभद्राबाई भाकरी थापायची आणि वाट बघायची. एक दिवस, दोन दिवस, करत करत अकरा दिवस गेले. तिनं मनाशी धरून ठेवलं होतं, आपण त्याची आई हिरावली, आता तो म्हणंल ते खरं. जा म्हणाला तर जायचं.

बाराव्या दिवशी चन्नबसप्पांकडं लेकराच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामी आले, बारसं झालं, बोलावणं आलं. शिवकन्या अशक्त होती पण हसत होती. सुभद्राबाई सवयीनं ओसरीच्या खाली बसायला गेली, तर पार्वतम्मानं दंडाला धरून वर घेतलं आणि आतल्या सतरंजीवर बसवलं. चहा आला तो घरातल्याच कपात. पार्वतम्मा स्वतः कप उचलायला वाकली. फार उशिरा आला तो कप, असं मी म्हणेन. सुभद्राबाईनं मात्र आणखी अर्धा कप मागितला. खणाचं एक वार कापड तिच्या ओटीत पडलं, हिरवंगार, तांबड्या काठाचं. अक्षराही आली होती. तिनं कानाशी येऊन सांगितलं, "उपकेंद्रात परात आणून ठेवलीय, मावशी. उद्या येऊन पुन्हा दाखवा. मी शिकलेय ते पुस्तकातलं, हात तुमचा बघायचाय."

सुभद्राबाई घरी आली तर बालाजी दारात बसला होता. मांडीवर कागदाचा पुडा.

"कंधारला गेलतो," तो म्हणाला. अकरा दिवसांनंतरचा पहिला शब्द. "कापडवाला म्हणला किती मीटर? म्हणलो मीटर न्हाई, वार. एक वार. त्याला कळंना. मग हातानं दाखवलं."

त्यानं पुडा तिच्या पुढं धरला. आत निळं कापड होतं, बारीक पांढऱ्या फुलांचं.

"हे काय रं?"

"मपल्या बाराव्याचं. तुला कुणीच दिलं न्हाई." त्यानं कापडाची घडी उलगडली. "उशीर झाला, माय."

सुभद्राबाईनं कापड घेतलं आणि तोंडावर धरलं. बालाजी उठला, आत गेला, ट्रंक ओढून काढली आणि तळातली वाकळ स्वतः अंगणात आणून पसरली. मधला रिकामा चौकोन ऊन पडल्यावर लगेच दिसला. तो त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "हितं का?"

"हाव. हितंच."

तिनं दोन दिवस बसून निळा चौकोन लावला, मग पिशवीतले साठलेले सोमवारचे तुकडे लावले, आणि सगळ्यात शेवटी कडेला हिरवा तुकडा लावला, तांबड्या काठासकट. चौथ्या दिवशी शिवकन्या लेकराला घेऊन दारात उभी. म्हणाली, "मावशी, तिला तिचा वार दाखवायचाय." सुभद्राबाईनं वाकळ अंथरली आणि लेकराला मधोमध, निळ्या चौकोनावर निजवलं. पोरगी टकामका बघत राहिली, दोनदा पाय झाडले आणि अडतीस वर्षं कुणी न वापरलेली ती वाकळ तिनं ओलीचिंब केली.

शिवकन्या लाजून पुसायला धावली.

"राहू दे गं," सुभद्राबाई हसत म्हणाली. "बालाजी, दोरी बांध रं. वाकळ धुवायला टाकायची हाय."